दोनदा मोजलेला तालुका

अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या आमच्या टीचभर कॉलेजात शेवटच्या वर्षाला अर्थशास्त्र घेतलेले आम्ही नऊच जण. दांडी मारायची सोयच नाही. एनक्विस्ट सर जेवणाच्या हॉलमध्ये गाठून विचारणार, "काय गं इंग्रिड, आजारी होतीस की आळशी?"

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने कुणाचा तरी छापलेला शोधनिबंध घ्यायचा आणि त्यातली आकडेमोड पहिल्यापासून करून बघायची, ही इथली रीत. मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी सरांचाच घेतला! गावात मांसाचा कारखाना आला की आसपासच्या दुकानांतल्या नोकरांचेही पगार वाढतात, असं त्यांनी वीस वर्षांपूर्वी दाखवलं होतं. त्यांचं नाव झालं ते त्यावरच.

आकडे काही जुळेनात. चार दिवस मी स्वतःलाच शिव्या घातल्या. मग दिसलं. आमचाच तालुका दोनदा मोजला गेला होता. एकदा सरकारी यादीतून, आणि एकदा सरांनी स्वतः दुकानोदुकानी फिरून भरलेल्या कागदांवरून. जादाचा काढला, तर पगारवाढ निम्म्यावर आली.

"तोंड उघडू नकोस," माझ्या खोलीतली रोंडा म्हणाली. "पीएचडीचं शिफारसपत्र शुक्रवारी देणार आहेत ना? मग शनिवारी सांग की, शहाणे!"

रोंडाचं चुकत होतं असं नाही. त्या पत्रावाचून मला कुणी दारात उभं केलं नसतं. पण चूक लपवून पत्र घ्यायला मन धजेना. गुरुवारी सरांकडे गेलेच.

सरांनी कागद पाहिले. कान लालबुंद झाले. मला वाटलं, संपलं सगळं.

"उद्या वर्गात मांड," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी ते माझ्या खुर्चीत बसले, वही उघडून. मध्येच हात वर केला. "जरा हळू गं, मला उतरवून घ्यायचंय." वीस वर्षांची पुण्याई पुसली जात होती आणि हा माणूस टिपणं काढत होता! मला रडूच आलं.

तास संपल्यावर त्यांनी आधी लिहून ठेवलेलं दोन पानी पत्र माझ्यादेखत फाडलं आणि तिथेच बसून नवं लिहिलं. तीन ओळी.

"माझ्या सर्वांत गाजलेल्या निबंधातली चूक हिने शोधली. हे पत्र हातात पडायच्या आत मला येऊन सांगितली. मला आणखी काही लिहायचं नाही."