कोरसमधली प्रेमला

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. समजा, तुमच्या हातात एक काळीभोर चकचकीत तबकडी आहे. पापडासारखी पातळ, पण पापडासारखी पटकन मोडणारी नव्हे. बोटं न लावता, नुसती कडेने धरून, ती उजेडात जराशी तिरकी करा. दिसल्या रेघा? केसाहून बारीक, गोल गोल फिरत मधल्या भोकाकडे निघालेल्या. खरं सांगायचं तर ती एकच रेघ असते. काठापासून निघते आणि फिरत फिरत आत जाते. त्या रेघेत सुई टेकवली की कुणीतरी गायला लागतं. आता असं समजा, की ते गाणारं माणूस तुमच्याच घरात, ओट्यापाशी मेथी निवडत बसलेलं आहे.

मैत्रीचं अगदी असंच झालं.

मैत्री सहावीत होती आणि आई-बाबा, आजी-आजोबांबरोबर धायरीत राहत होती. एप्रिलमध्ये घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा एक लोखंडी ट्रंक खाली आली. ती पाहिल्याबरोबर कचरूआजोबांचा चेहरा असा फुलला, की रंगारीसुद्धा ब्रश खाली ठेवून बघायला आला. आजोबा पोस्टातून निवृत्त झाले होते, पण तरुणपणी मंगळवार पेठेत त्यांची ओळख वेगळी होती. बाबासाहेबांच्या जयंतीला वस्तीत रेकॉर्ड लावायच्या त्या कचरूनेच. प्लेयर त्याचा, रेकॉर्ड त्याच्या, सुईला हात लावायचा हक्कही त्याचाच.

आजोबा ट्रंकेतली एकेक रेकॉर्ड कव्हरातून काढायचे, मऊ फडक्याने पुसायचे आणि तिची हकीकत सांगायचे. ही पहिल्या पगाराची. ही नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो तेव्हाची, गर्दीत डोक्यावर धरून आणलेली. ही सनईची, तुझ्या बाबाच्या जन्मानंतरची. मैत्री मांडी घालून ऐकत होती. मग तळाशी एक छोटी रेकॉर्ड निघाली. कव्हरावर निळी अक्षरं, मागच्या बाजूला गाणाऱ्यांची नावं, आणि सगळ्यांत शेवटच्या ओळीत, कोरसमध्ये, एक नाव: प्रेमला.

"आजोबा, ही आपली आजी?"

"मग काय शेजारची?"

मैत्री कव्हर घेऊन थेट खाली पळाली आणि अर्ध्या तासात सगळ्या सोसायटीला समजलं, की मैत्रीच्या आजीची रेकॉर्ड आहे आणि रविवारी जयंतीच्या कार्यक्रमात ती वाजणार आहे.

वर आली तर आजी वाटच बघत होती. प्रेमलाआजी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. तिच्या आवाजाला अजून धार होती.

"चोंबडेपणा करायला कुणी सांगितला होता? ती रेकॉर्ड वाजवायची नाही."

"पण मी सगळ्यांना प्रॉमिस केलंय."

"मला न विचारता केलंस ना? मग मला न विचारताच मोड."

का वाजवायची नाही, ते काही तिने सांगितलं नाही. संध्याकाळी आजोबांनी जुना प्लेयर जोडला आणि हळूच रेकॉर्ड लावलीच. आणि काय आलं ऐकू? कढईत मोहरी तडतडावी तशी खरखर, आणि त्या खरखरीच्या पार मागे कुणीतरी गात असल्याचा भास. मैत्रीला रडू आवरेना. रविवारी कार्यक्रम, आणि आजीचा आवाज असा.

"आपल्याच हाताने खराब केली," आजी म्हणाली. "सुईवर नाणं ठेवायचे हे. चार आण्याचं."

"पोरं इतकी नाचायची की जमीन हलायची," आजोबा म्हणाले. "सुई उडू नये म्हणून वजन ठेवायचो. त्याने रेघ झिजली, खरं आहे. पण कसब्यात एक दुकान आहे म्हणे जुन्या रेकॉर्डचं. दुसरी प्रत मिळाली तर..."

"अहो, मिळाली तरी वाजवायची नाहीच."

"नको वाजवू. मी आणि मैत्री नुसतं बघून येतो."

"तुम्ही नुसतं बघून? अख्खं दुकान रिक्षात घालून आणाल. मी येते."

अशी तिघंजण शनिवारी कसबा पेठेत पोचली. तांबटांच्या ठोक्यांचा आवाज मागे टाकून एका बोळात वळलं, की ते दुकान. मालक माधवराव, साठीचे. दारातच पाटी: 'रेकॉर्ड हातात घेण्यापूर्वी आपला हात पाहावा.' मैत्रीने आपले हात पाहिले, फ्रॉकला पुसले, आणि आत गेली.

आत भिंतभर रेकॉर्ड उभ्या लावलेल्या होत्या, पुस्तकांसारख्या. "आडव्या रचून ठेवल्या की वरच्यांच्या वजनाने खालच्या बिघडतात," माधवरावांनी न विचारताच सांगितलं. मैत्री एकेक कव्हर पुढे ढकलत पाहू लागली. आजोबांना तर किती बघू आणि किती नको असं झालं. त्यांनी तीन रेकॉर्ड काखेत मारल्यासुद्धा. आजीने त्यांतल्या दोन काढून परत ठेवल्या. आजोबांनी तिची पाठ वळताच एक पुन्हा घेतली.

मग आजोबांनी पिशवीतून आपली छोटी रेकॉर्ड काढून दिली. माधवरावांनी ती कडेने धरून दिव्याखाली फिरवली.

"ही ऐकलीत की हिच्यावर चटणी वाटलीत?"

"हिच्यावर आमची वस्ती नाचलीय," आजोबा म्हणाले, आणि इतक्या ताठ मानेने म्हणाले, की माधवरावांनी पुढचा टोमणा गिळला. ते आतल्या खोलीत गेले. बराच वेळ खुडबुड केली. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तीच निळी अक्षरं होती, कोरं कव्हर, जणू काल छापलेलं.

"एकच आहे. ऐकल्याशिवाय मी विकत नाही. घरी जाऊन तक्रार नको."

"ऐकायला कशाला हवी?" आजी म्हणाली. "द्यायची तर द्या."

"बाई, दुकान माझं आहे."

त्यांनी सुई टेकवली.

ढोलकी आली, पेटी आली. मुख्य गायिकेने ओळ उचलली: "लेक शिकली गं, दिवा लागला." मागून कोरस तीच ओळ गायला. पुन्हा गायला. आणि कोरस थांबला. मोकळ्या जागेत, वाद्यांच्याही पुढे, एक कोवळा, खणखणीत आवाज एकटाच तिसऱ्यांदा म्हणाला: "लेक शिकली गं, दिवा लागला."

मैत्रीने झटकन वळून पाहिलं. आजी दाराबाहेर बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

गाणं संपलं. सगळ्यांच्या आधी आजीच बोलली.

"दोनदाच म्हणायचं होतं. बजावून सांगितलं होतं सगळ्यांना. पण लहानपणापासून बुद्धविहारात वंदनेला बसलेली मी. तिथे प्रत्येक ओळ तीनदा म्हणायची. बुद्धं सरणं म्हटलं की दुसऱ्यांदा, दुसऱ्यांदा म्हटलं की तिसऱ्यांदा. त्याशिवाय पुरं झालंय असं वाटायचंच नाही. तोंडातून निघून गेलं. पुन्हा रेकॉर्डिंग करायला वेळ नव्हता, म्हणून तसंच ठेवलं. मग एक्स्चेंजमधल्या बायका विचारायच्या, काय प्रेमला, चहा एकदा की तिसऱ्यांदा? त्यानंतर मी कोरसला गेले नाही. आणि वस्तीतले तर कमालच करायचे. दरवर्षी रेकॉर्ड त्या ओळीवर आली, की सगळे मिळून ओरडायचे. मी दार लावून आत बसायची."

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले.

"तुला ते चिडवणं वाटलं?"

"मग काय होतं?"

"अगं, ते म्हणायचे तुझ्याबरोबर. ती ओळ आली की पोरं नाच थांबवायची, म्हातारी माणसं हात जोडायची, आणि तिसऱ्यांदा अख्खी वस्ती म्हणायची. सुई नेमकी तिथे उडू नये, म्हणून तर मी नाणं ठेवायचो."

"इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत ते?"

"मला काय माहीत तू दाराआड काय ऐकत होतीस? मला वाटायचं, बाईसाहेबांना आपलं कौतुक ऐकायला संकोच वाटतो."

आजीने पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, काढला आणि पुन्हा पुसला.

"दोनदा म्हणून थांबणाऱ्यांच्या रेकॉर्ड माझ्याकडे भिंतभर आहेत," माधवराव रेकॉर्ड कव्हरात सरकवत म्हणाले. "घ्यायची आहे की ठेवू आत?"

आजोबांनी आजीकडे पाहिलं. मैत्रीनेही पाहिलं. या वेळी आजी नको म्हणाली नाही. आजोबांनी ती घेतली.

शनिवारवाड्याच्या स्टॉपवर धायरीची बस मिळाली. मैत्रीला खिडकीची जागा मिळाली, शेजारी आजी बसली आणि आजोबा पुढच्या दांड्याला धरून उभे राहिले. मैत्रीने रेकॉर्ड मांडीवर उभी धरली होती, मागची बाजू बाहेर करून, म्हणजे नावं सगळ्यांना दिसतील अशी. रविवारचं काय, हे विचारायचा तिला धीर होत नव्हता. पुन्हा आजीला न विचारता काही ठरवायचं नाही, एवढं मात्र तिने मनाशी पक्कं केलं होतं.

समोरच्या आडव्या सीटवर एक बाई बसल्या होत्या, भाजीची पिशवी पायांशी घेऊन. त्यांनी मान पुढे करून कव्हर वाचलं.

"अगंबाई, ही रेकॉर्ड. आमच्या पिंपरीला वाजायची जयंतीला. हिच्यात ती एक मुलगी एकटीच गाते बघा मागून. कोण होती कोण जाणे."

मैत्रीने ओठ घट्ट मिटून घेतले. बस सिग्नलला थांबली. पुन्हा निघाली.

"ती मी," आजी म्हणाली.

"काय सांगता?"

"मीच ती. तिसऱ्यांदा म्हणणारी." आजीने पाठ ताठ केली. "रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीत वाजवणार आहोत. धायरीला, गावठाणाच्या अलीकडे. या तुम्ही."

पुढे उभे असलेले आजोबा मागे न बघता हसले. त्यांच्या खांद्यांवरून ते कळत होतं.

आणि मैत्रीने काय केलं? तिने रेकॉर्ड आपल्या मांडीवरून उचलली, कव्हराचा कोपरा दुमडणार नाही अशी अलगद आजीच्या मांडीवर ठेवली, आणि उठून खिडकीची जागा तिला दिली.