वरचा दगड

"फिटर, पाइप कुणासाठी ठोकताय?" मुकादमानं चरात वाकून विचारलं.

फिटरनं पाना खाली घेतला. सवय, दुसरं काय! चराच्या तळाशी पाइप जोडताना मधूनमधून पाइपवर दोनदा पाना मारायचा आणि वर काठावर बसलेल्या बायकोनं फळीवर दोनदा दगड आपटायचा. म्हणजे माती शाबूत आहे, चालू दे. दगड वाजला नाही, तर हातातलं टाकून शिडी गाठायची. जन्मभर दोघांचा संसार असा वर-खाली चालला. काठावर बारीकशी चीर दिसली तरी ती खेकसायची, "अहो, आधी वर या. पाइप कुठं पळून जात नाही." बायकोच्या धाकातला फिटर म्हणून माणसं हसायची. म्हणोत बापडी. तापाचं निमित्त होऊन ती गेली आणि धाकात ठेवणारं कुणी उरलं नाही.

"मुकादम, माती पार काठावर टाकलीय. बाजूंना आधाराच्या फळ्याही नाहीत."

"फळ्या दुपारी येतील. तेवढा एक जोड उरकून टाका." मुकादम फोन कानाला लावून लांब गेला.

फिटर जोड आवळू लागला. हात आपसूक उचलला गेला. ठक ठक. वर शांतता. एरवी तो काम तसंच पुढं रेटायचा. गेलेलं माणूस काय उत्तर देणार? आज मात्र ती शांतता त्याला सोसवेना. दगड वाजला नाही, एवढंच त्याच्या मनानं धरलं. पाना तिथंच टाकून तो शिडी चढला.

त्यानं वर पाय ठेवला न ठेवला तोच समोरचा काठ खचला. जोड, पाना, शिडीचा खालचा भाग, सगळं मातीखाली गेलं.

मुकादम धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्हाला वर कुणी बोलावलं?"

"बायकोनं."

मुकादमानं फोन खिशात टाकला. "फळ्या लागल्याशिवाय आता कुणी उतरायचं नाही," तो पुटपुटला.

संध्याकाळी खोलीवर येऊन फिटरनं हातपाय धुतले. हे सांगायला तीच हवी होती. आधी तिनं त्याला चांगलं झाडलं असतं, मग मुकाट्यानं ताट वाढलं असतं. तिची आठवण इतकी दाटून आली, की त्यानं चमचा घेतला आणि मोरीतल्या नळाच्या पाइपवर दोनदा वाजवला.

वरच्या बिऱ्हाडाला ती तक्रार वाटली असावी. त्यांनी टीव्ही बारीक केला. चमचा हातात धरून फिटर बराच वेळ छताकडे कान देऊन उभा राहिला.