सुषमाची मान

"भाऊ, पेटी लावा की. गेली का भंगारात?"

"आहे अजून, चिंगीबाई. उद्या जाणार. बसा."

चिंगीने पदराखालून फिल्म काढली. भाजे गावाच्या वरच्या वाडीतून ती दरवर्षी भातकापणी उरकली की लोणावळ्याला येई, ती एवढ्याचसाठी. भिमाजीची सगळी नोकरी या माडीवरच्या एक्स-रे खोलीत गेली होती. आता सगळं कॉम्प्युटरवर दिसणार होतं. फिल्म बघायची उजेडाची पेटी कुणालाच नको होती.

ही फिल्म त्यानेच काढलेली. चिंगीची सहा वर्षांची सुषमा जांभळीवरून पडली, म्हणून मानेची. पोरगी स्थिर राहीना, तेव्हा चिंगीने तिची हनुवटी धरून ठेवली होती. त्यामुळे आईची बोटंही फिल्ममध्ये आली, नुसती हाडांची. डॉक्टर म्हणाले होते, "मोडलं नाही काही. दुसऱ्या मणक्यावर सुळका असतो, त्याच्याभोवती पहिला मणका कड्यासारखा फिरतो. लहानपणी सुळक्याचं टोक सुटं असतं, हा ठिपका बघा. बाराव्या वर्षाच्या आसपास जुळेल."

त्याच पावसाळ्यात सुषमा तापाने गेली. तिचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. चिंगी मात्र दरवर्षी विचारत राहिली, "जुळलं का?" आणि भिमाजी खाली बघून म्हणत राहिला, "अजून नाही." एकदा त्याला फट बारीक झाल्यासारखी वाटली होती. त्याने जाऊन चष्म्याचा नंबर बदलून घेतला.

यंदा पोर बारा वर्षांची झाली असती. पेटीही जाणार. आज 'जुळलं' म्हणून टाकायचं, असं त्याने सकाळीच ठरवलं होतं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

त्याने फिल्म लावली, बटण दाबलं. ट्यूब फडफडून लागली. खालच्या चिक्कीच्या दुकानातला कलकलाट एकदम लांब गेला.

ठिपका नव्हता. सुळका टोकापर्यंत सलग होता, गुळगुळीत.

"जुळलं का, भाऊ?"

"जुळलं." आपला आवाज त्याला ओळखू आला नाही.

"माज्या समाधानासाठी म्हनता व्हय?"

"नाही हो. देवाशप्पथ."

चिंगी उठली. फिल्ममधल्या बोटांवर आपली बोटं ठेवायला तिने नेहमीसारखा उजवा हात पुढे केला. तो काचेपाशीच थबकला. सुषमाच्या हनुवटीखाली काहीच नव्हतं. नुसता काळोख.

भिमाजीने चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. चिंगीने हात मागे, छातीपुढे घेतला.

"आता तिची ती मान धरती," ती हळूच म्हणाली.

"फिल्म राहिली, चिंगीबाई. घेऊन जा."

"नगं, भाऊ. लय दिस धरली."

ती जिना उतरू लागली. डावा हात कठड्यावर होता. उजवा अजून छातीपुढे, वाटीसारखा वळलेला. शेवटच्या पायरीपाशी तो सावकाश खाली आला.