बाराच्या आत

वीणाने भाताच्या पातेल्याखालचं लाकूड ओढून राखेत दाबलं आणि डाव हातात घेऊनच ती दाराशी येऊन उभी राहिली. साठ यात्रेकरू जेवून उठले होते. बुद्धजयंतीचं अडीच हजारावं वर्ष, सारनाथला गर्दी मोठी. तिथल्या बौद्ध विहारात मुक्कामाला उतरलेले सगळे अकराला पंगतीला बसत. बाराची घंटा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत कुणालाही अन्न नाही. आचारी तापाने पडला, म्हणून आज आमटी-भात तिने रांधला होता.

तिचे थोरले दीर ढुंढिराजशास्त्री दोन दिवस व्याख्यानाला आले होते. कडक सोवळं त्यांचं. वीणाच्याच हातचं जेवत, म्हणून काशीतल्या दुर्गाघाटाहून तिलाही इक्क्यात घालून आणलेली. विधवा भावजयीचा तेवढाच उपयोग! पंधरा वर्षांत 'जेवण बरं झालंय' असं एकदाही म्हणाले नव्हते.

मुख्य भिक्खू लंकेहून नवे आलेले. हिंदी येईना, म्हणून शास्त्रीबुवांशी संस्कृतात बोलत. जेवण झाल्यावर भिक्खूंनी आपलं पात्र विसळून ते पाणीही पिऊन टाकलं आणि विचारलं, या बाई इथलं स्वयंपाकघर सांभाळतील का? राहायला स्वतंत्र खोली देऊ.

"काय म्हणतायत, भावजी?" वीणाने विचारलं.

"मीठ जास्त झालं म्हणतायत." शास्त्रीबुवा हसले. मग भिक्खूंकडे वळून संस्कृतात म्हणाले, ही मंदबुद्धी आहे, हिला काय कळतंय!

शास्त्रीबुवांनी कधी विचारलंच नव्हतं, पण वीणाच्या वडिलांची संस्कृत पाठशाळा होती. दाराआड भाजी निवडता निवडता तिने दहा वर्षं सगळे पाठ ऐकले होते. भिक्खूंचं बोलणं तिला कळलं होतं; विचारलं ते भावजी काय सांगतात ते पाहायला. स्वतःची खोली! घरी ती माजघरात भांड्यांजवळ निजत होती. रागाने तिचे कान तापले. तिने डाव खाली ठेवला, पदर सारखा केला.

"अत्रैव तिष्ठामि," ती भिक्खूंना म्हणाली. इथेच राहते.

शास्त्रीबुवांच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली.

"अगं, आणि माझ्या जेवणाचं काय?"

"इथे सगळ्यांना मिळतं, भावजी. बाराच्या आत या."

घरी ते हट्टाने तीन दिवस दूध-केळ्यांवर राहिले. चौथ्या दिवशी मुकाट्याने इक्का केला. ऊन रणरणत होतं, वाटेत घोडा अडला. ते स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले तेव्हा घंटा नुकतीच होऊन गेली होती. ओठ सुकलेले, भिंतीला धरून उभे.

"वीणा, चार घास घाल गं."

भाताला अजून वाफ होती. भिक्खू आपापल्या खोल्यांत गेलेले, पाहायला कुणी नव्हतं. तिने भावजींकडे नीट पाहिलं आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

"नको, भावजी. आज मीठ जास्त झालंय."

घंटेनंतर उरलेलं आवारातल्या कुत्र्यांना घालायची तिथली रीत होती. ती पातेलं घेऊन शास्त्रीबुवांच्या समोरून अंगणात गेली आणि सावकाश एकेक मूठ घालत बसली.