एकोणतीस फेब्रुवारी

बाबांच्या एकतीस वह्या शेतकी खात्याच्या संग्रहात घ्यायच्या, तर मधलं एकही वर्ष तुटलेलं चालणार नव्हतं. नांगरट, पेरणी, खत, पाऊस. किमान तीस वर्षांची सलग नोंद हवी, हा खातेप्रमुख बाईंचा नियम. खात्यात सगळे त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत. बाबा जाऊन चार महिने झाले होते आणि त्यांची मुलगी त्याच खात्यात बसून त्यांची शेती संगणकात उतरवत होती.

अकराव्या वहीत संगणक अडला. 'एकोणतीस फेब्रुवारी. हिने बी निवडलं.' त्या वर्षी फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचाच होता.

बाईंनी वाकून पाहिलं. "अठ्ठावीस टाक गं. एका दिवसाने कुणाचं शेत बुडत नाही."

तिने टाकलं. संगणकाने मुकाट्याने घेतलं. पण तिचा हात पुढे सरकेना. तिने दहावी, लीप वर्षाची वही शेजारी उघडली. पाऊस तोच, दशांशापर्यंत. खताच्या गोण्या तेवढ्याच. पानामागून पान आदलं वर्ष जसंच्या तसं उतरवलेलं. जूनमध्ये 'हिने बांधाकडचं तण काढलं'.

आई त्या वर्षी जानेवारीतच गेली होती.

तेव्हा ती स्वतः अकरा वर्षांची होती. शेतातलं तण तिच्या कमरेला लागायचं, नांगर गंजत पडलेला, आणि बाबा रोज दुपारी टेबलाशी बसून लिहायचे. शेजारी म्हणायचे, माणूस सावरला. तिलाही तसंच वाटलं होतं. आता कळत होतं, आई त्या खोलीत रोज कामाला येत होती आणि पोरीला कुणी सांगितलं नव्हतं.

हे वर्ष काढलं तर इकडे दहा, तिकडे वीस. दोन्ही तुकडे नियमात बसत नव्हते. गप्प बसलं, तर आई पुढेही कुणा अनोळखी माणसाच्या तक्त्यात तण काढत राहिली असती. मोह लहान नव्हता. पण बाकीच्या तीस वर्षांत बाबांनी न मोजलेला थेंबही लिहिला नव्हता.

जूनची ओळ तिने तीनदा वाचली. मग अख्खं वर्ष पुसून 'नोंद नाही' असं लिहिलं. बाबांच्या शेतासमोर 'अपात्र' अशी लाल खूण उमटली.

बाई उठून आल्या. "अगं, हातातोंडाशी आलेला घास घालवलास. आणि मग वर्षभर तुझे बाबा करत तरी काय होते?"

"शेतीच," ती म्हणाली. "आदल्या वर्षीची."