कानात सांगितलेला सिनेमा

सिनेमा कुठल्या देशातला आहे हे इंदुमतीला धड कळलं नव्हतं. तिकडे बर्फ पडतो, नद्या गोठतात आणि माणसं जाड कोटात वावरतात, एवढं मात्र सुरुवातीलाच कळलं. बाहेर जयपूरचा मे महिना भाजत होता. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये कूलर घरघरत होते, ओल्या वाळ्याचा वास सुटला होता, आणि पडद्यावर धुक्यातून लाकडाचे मोठाले ओंडके वाहत येत होते. त्या ओंडक्यांवर दोन माणसं उभी होती. एक दाढीवाला, एक कोवळ्या चेहऱ्याचा. पाण्यावर ते असे चालत होते, जणू पाणी नाहीच. इंदुमतीला वाटलं, आपल्यालाच झोप लागली आहे आणि हे सगळं आपल्या स्वप्नात चाललं आहे.

खरं तर ती सिनेमासाठी आलीच नव्हती. ती आली होती दिलीपच्या लग्नासाठी.

दिलीप तिचा धाकटा भाऊ. अमळनेरला शाळेत इंग्रजी शिकवायचा. पस्तिशीला टेकला तरी लग्नाचा विषय निघाला की उठून पाणी प्यायला जायचा. आईने हात टेकले आणि सगळा भार इंदुमतीवर टाकला. इंदुमतीचा नवरा उत्तम रेल्वेत गार्ड होता, बदली होऊन जयपूरला आलेला. इथे कॅरेज विभागात नंदुरबारकडचे भीमराव होते, आपल्याच समाजातले. त्यांची मुलगी आनंदी जयपुरातच वाढलेली, बी.ए. झालेली. तिनेच बापाला बजावलं होतं, "पोहे, खुर्ची, प्रश्न, यह सब मुझसे नहीं होगा." मग उत्तमने तोडगा काढला. शहरातल्या फिल्म सोसायटीचा खेळ त्या रविवारी दुपारी इन्स्टिट्यूटमध्ये होता. दोन्ही घरांनी तिथे जायचं, मुलगा-मुलगी एकमेकांना बघतील, मंगळवारी भीमरावांकडे बसून पक्कं करायचं.

तर भीमराव आणि आनंदी पुढच्या रांगेत, आणि त्यांच्या मागे उत्तम, इंदुमती आणि दिलीप. इंदुमती मधे बसली होती.

पडद्यावर खाली इंग्रजी अक्षरं उमटत आणि वाचेवाचेपर्यंत विरघळत. इंदुमतीला इंग्रजी नावापुरतंच येत होतं. म्हणून उत्तम तिच्या कानात सांगत होता. "हा म्हणतो, यंदा बर्फ लवकर पडणार." "तो म्हणतो, मुकादम बदमाश आहे." उत्तमला सिनेमा समजावून सांगायला आवडायचं. रात्रपाळी करून आला तरी बायकोला सोबत नेऊन गोष्ट सांगणारा माणूस तो.

मग एक दृश्य आलं. लाकूडतोड्यांची झोपडी, चुलीत जाळ. कोवळ्या माणसाचा हात ओंडक्याखाली चेंगरला होता. दाढीवाला कोमट पाण्यात कापड बुडवून त्याची बोटं एकेक करून पुसत होता. फार वेळ पुसत होता. नंतर त्याने तो हात आपल्या गालाला लावला आणि डोळे मिटले.

अक्षरं उमटली. इंदुमतीने उत्तमकडे कान केला.

"काय म्हणाला?"

"काही नाही," उत्तम म्हणाला आणि घसा खाकरून सरळ बसला.

मागून कुणीतरी शीळ घातली. तिकडे हशा पिकला. "अरे भाई, हीरोइन कब आएगी?" आणखी मोठा हशा. एक बाई तरातरा उठल्या, दोन पोरींना ओढत दाराकडे निघाल्या. दार उघडलं तसा उन्हाचा पांढरा पट्टा आत घुसला आणि पडद्यावरची नदी पुसून गेली. दार मिटलं तशी ती परत वाहू लागली. कोपऱ्यातून एक म्हातारा आवाज म्हणाला, "बंद कीजिए, फैमिली बैठी है यहाँ." पण सोसायटीचे माथुरसाहेब मशीनजवळ हात बांधून उभे होते, त्यांनी काही बंद केलं नाही.

अक्षरं उमटत होती, विरत होती. इंदुमती ती नुसती बघत होती. आणि मग तिच्या दुसऱ्या कानात आवाज आला. दिलीपचा.

"तो म्हणतो, गावात गेलो की तू मला ओळख दाखवू नकोस."

तिने वळून पाहिलं नाही. दिलीपही पडद्याकडेच बघत होता. त्याचा आवाज अगदी खाली होता. लहानपणी एका गोधडीत झोपताना तो अंधाराची भीती वाटली की असाच बोलायचा.

"दुसरा म्हणतो, मग मी कुणाला ओळख दाखवू?"

पडद्यावर गाव आलं. चर्चच्या घंटा, चिखलातल्या गाड्या, कोवळ्या माणसाची आई, आईने ठरवलेली मुलगी. मुलगी भाबडी होती, गालांवर लाली, हातात सफरचंदांची टोपली. दाढीवाला लग्नात दूर कुंपणाशी उभा होता. मागच्या रांगांतला हशा आता पातळ झाला होता. कुणी खोकत होतं, कुणी चुळबुळत होतं. इंदुमतीला ते दुरून, पाण्याखालून ऐकल्यासारखं येत होतं. जवळ होता तो फक्त दिलीपचा आवाज.

"तो म्हणतो, तू घरी नसलास तरी मी दोन भाकरी भाजतो आणि एक उरते."

इंदुमतीला क्षणभर नवल वाटलं. त्या देशात भाकरी कुठली? पण आवाज थांबला नव्हता, आणि तिच्या ध्यानात आलं की हळूहळू तो 'तो म्हणतो' हे म्हणायचं सोडून देत चालला आहे.

"सगळे विचारतात, लग्न का करत नाहीस. मी काय सांगू? ज्याच्यासोबत संसार चाललाय त्याचं नाव संसारात घेता येत नाही. मी त्या मुलीला काय देणार आहे? एक छप्पर आणि रोजचं खोटं."

पडद्यावर तेव्हा कुणीच बोलत नव्हतं. खाली अक्षरंही नव्हती. नुसती नदी होती, वरून बर्फ पडत होता, आणि दाढीवाला एकटा ओंडक्यावर उभा राहून धुक्यात शिरत होता.

इंदुमतीने अंधारात हात पुढे केला. दिलीपचा हात सापडला, थंडगार. तिने तो धरून ठेवला. ती काही विचार करत नव्हती. तिला नुसतं वाटत होतं की आपण दोघं त्या पाण्यावर उभे आहोत आणि हात सुटला तर एकजण वाहून जाईल.

दिवे लागले. लोक एकमेकांकडे न बघता रुमालाने तोंडं पुसू लागले. माथुरसाहेब पुढे येऊन म्हणाले की नेहमीप्रमाणे चर्चा करू. एक प्राध्यापक उठले. त्यांचं म्हणणं, ती दोन माणसं म्हणजे त्या देशाचे दोन भाग, आणि नदी म्हणजे सरहद्द. सिनेमा राजकीय आहे. एक निवृत्त मेजर म्हणाले, फौजेत अशी दोस्ती असते, बंधुभावच समजा, लोकांच्या मनातच घाण. कुणी छायाचित्रणाची तारीफ केली. मागून एकजण ओरडला, असले रोग विलायतेत असतात, इथे कशाला आणता? टाळ्या पडल्या. माथुरसाहेब काही बोलणार तोच पुढच्या रांगेत आनंदी उभी राहिली. भीमरावांनी तिचा पदर ओढला, तरी उभीच राहिली.

"सर, वो दोनों प्यार करते थे ना?" ती म्हणाली. "बस, इतनी सी तो बात है. सब लोग इधर-उधर की क्यों कर रहे हैं?"

कूलरचा आवाज तेवढा मोठा झाला. भीमरावांनी मुलीला दंडाला धरलं आणि बाहेर नेलं. जाताना त्यांनी उत्तमकडे असं पाहिलं, की काय दाखवलंत हे आम्हाला.

त्या संध्याकाळी घरात कुणी सिनेमाचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंदुमती दिलीपला घेऊन जयपूरजवळच्या सांगानेरला, कापडछपाईच्या गावी गेली. निमित्त होतं आनंदीसाठी छापील साडी घ्यायचं. पण बसमधून उतरल्यावर ती दुकानांकडे वळलीच नाही, नदीकडे चालू लागली. पात्रात पाणी नावाला होतं. वाळूवर दूरपर्यंत ओली कापडं पसरली होती, बांबूंवर उंच टांगली होती. लाल, निळी, हळदीच्या रंगाची. वारा आला की सगळं पात्र हलायचं. त्या कापडांच्या गल्लीतून बहीणभाऊ चालत राहिले. ऊन कापडातून गाळून यायचं आणि दिलीपचा चेहरा कधी लाल दिसायचा, कधी निळा.

"नागनाथ ना?" इंदुमतीने विचारलं.

नागनाथ म्हणजे दिलीपच्या खोलीवर राहणारा सोबती. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. तिने त्याला दोनदा पाहिलं होतं. मोठे काळे हात, कमी बोलणं.

"हो."

"किती वर्षं?"

"ताई, तू जयपूरला यायच्या आधीपासून."

ती थांबली. एक निळं कापड फडफडत तिच्या तोंडावर आलं, तिने ते बाजूला सारलं. "मग इथे आलास कशाला? त्या पोरीला बघायला?"

"आईने जेवण सोडलं होतं. आणि नागनाथच म्हणाला, जा. म्हणाला, करून टाक, मी दुसरी खोली बघतो." दिलीपचा आवाज फाटला. "मी खरंच करणार होतो ताई. मंगळवारी हो म्हणणार होतो. काल तू मधे बसली नसतीस तर."

इंदुमतीला राग आला होता. कुणाचा, ते कळत नव्हतं. भावाचा आला, आईचा आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त. केवढ्या हौसेने ती हे स्थळ जुळवत होती. सगळं समजलं असंही नव्हतं. मनात नको ते प्रश्न येत होते आणि त्यांची तिला लाज वाटत होती. पण डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा ती सफरचंदांच्या टोपलीवाली मुलगी येत होती, आणि तिचा चेहरा आनंदीचा झाला होता.

"लग्न होणार नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठी म्हणून नाही. तिच्यासाठी आधी. आणि आता रडू नकोस, ते रंगारी बघतायत."

मंगळवारी ती एकटीच भीमरावांच्या क्वार्टरवर गेली. भीमरावांनी दार उघडलं, मागे बघितलं, कुणी नाही.

"भीमरावभाऊ, हे जुळणार नाही. दिलीपचं मन दुसरीकडे आहे. मी त्याला आधी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. दोष आमचा."

"दुसरीकडे म्हणजे कुठे? मग आम्हाला चार माणसांत का नाचवलं? माझ्या पोरीत काय खोट आहे?"

"तुमच्या पोरीत काहीच खोट नाही. अशी पोरगी मिळायला नशीब लागतं."

भीमराव बरंच बोलले. तिने मान खाली घालून ऐकलं. शेवटी ते आतल्या खोलीत निघून गेले आणि आनंदी तिला फाटकापर्यंत सोडायला आली. कडुनिंबाच्या सावलीत ती हळूच म्हणाली, "मावशीजी, मी दिलीपजींच्या अगदी पुढेच बसले होते ना. दिलीपजी तुम्हाला सांगत होते, ते मला पण ऐकू येत होतं."

इंदुमतीने मागे वळून क्वार्टरच्या दाराकडे पाहिलं.

"मी इंग्रजी वाचते, मावशीजी. मतलब, नंतर नंतर ते पडद्यावर लिहिलेलंच नव्हतं." आनंदीने फाटकाची कडी काढली. "मी कुणाला नाही सांगणार. त्यांचं कुणी आहे का? वाट बघणारं?"

"आहे."

"फिर ठीक है," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तिलाही दिलीप आवडला असावा, हे इंदुमतीच्या तेव्हा लक्षात आलं. तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

गुरुवारी दिलीप निघाला. इंदुमतीबरोबर उत्तमही त्याला गाडीत बसवायला आला होता. रविवारपासून तो मेहुण्याशी कामापुरतंच बोलत होता. डब्यात सामान ठेवून झालं, पाण्याची सुरई भरून झाली, तरी तो खिडकीशी घुटमळत राहिला. शिटी झाली तेव्हा म्हणाला, "जयपूरचा उन्हाळा वाईट. पुढच्या वेळी थंडीत या."

'ये' नाही म्हणाला. 'या' म्हणाला. दिलीपने इंदुमतीकडे पाहिलं. ती पुढे इंजिनाकडे बघत होती. उत्तमला किती समजलं होतं हे तिने त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढेही कधी विचारलं नाही.

आई वर्षभर इंदुमतीशी बोलली नाही. भीमरावांनी येणंजाणं तोडलं ते तोडलंच. आनंदी बी.एड. करून अजमेरला शिकवायला लागली, असं कुणाकडून तरी कळलं.

थंडीत ते दोघं आले. नागनाथला जयपूरची थंडी सोसेना. उत्तमचा गार्डाचा जाड काळा कोट अंगावर घेऊन तो सकाळभर व्हरांड्यातल्या उन्हात बसायचा, आणि इंदुमतीने पुढ्यात ठेवलेले मटार सोलायचा. बोलायचा कमीच. तिला स्वयंपाकघरातून त्याची पाठ दिसायची, पलीकडे पेपर वाचणारा दिलीप दिसायचा, अंगणाच्या कडेला उरलंसुरलं धुकं असायचं. मटाराची एखादी शेंग नागनाथ न बघताच दिलीपपुढे धरायचा आणि दिलीपही न बघताच ती घ्यायचा.