कानामागची बट

“झालं! पुन्हा ठेवलीस ना कानामागे शेपटी? उभा जन्म फौजेत कात्री चालवलीस, दादा, पण डावा कान काही तुला सापडत नाही.”

मुलीच्या मानेशी वाकून आई कुरकुरली, चहाचा कप कठड्यावर जरा जोरातच ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मामाने नेहमीसारखं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. घरातलं कुणी लांब निघालं, की तो आपली कात्री आणि तडा गेलेला आरसा घेऊन केस कापायला हजर. घरात आरसा नव्हता असं नाही. न्हाणीघराबाहेरच्या खिळ्यावर बाबांचा दाढीचा आरसा होता. आई तो रोज पुसायची. त्यात तोंड पाहायची मात्र कुणाची छाती नव्हती.

उद्या मुलीला जमीनमोजणीच्या कामावर निघायचं होतं. डोंगरात, तंबूत. परत कधी, ते काम ठरवणार. मामाचा हात हल्ली थरथरायचा. आज विचारलं नाही तर राहूनच जाईल, हे तिला कात्रीच्या अडखळण्यातून कळत होतं.

मामाला फौजेचं विचारायचं नाही, आईसमोर तर नाहीच, असा घरचा न बोललेला कायदा. बाबा आणि मामा एकाच तुकडीत. मामा परत आला. बाबांबद्दल नुसतं ‘बेपत्ता’ एवढंच आलं.

“मामा, एक विचारू? नको वाटलं तर सांगू नका. पुन्हा नाही विचारणार.”

कात्री थांबली. “विचार की.”

“तिथेही तुम्ही असेच कापायचे?”

“असेच म्हणजे? वाईट?”

“अर्धवट.”

मामा हसला. फडक्याने कात्री पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली.

“वर चौकीवर निघालेली पोरं आधी माझ्याकडे यायची. प्रत्येकाची एक बट मी ठेवायचो. साहेब डाफरायचे. पोरं म्हणायची, उस्ताद, हे राहिलं. मी म्हणायचो, खाली आलास की पुरं करतो. काम बाकी असलं की माणूस परत येतो... आपलं एक वेड.”

“यायची?”

“बरीच यायची. बसायच्या आधीच कान पुढे करायची.”

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला होता. दोघांच्याही ते लक्षात आलं, पण मागे कुणीच पाहिलं नाही.

“आणि बाबा?”

“त्यांची तर सगळ्यात जाड ठेवली होती. म्हणाले, मेव्हण्या, वेणी घालायचा विचार आहे की काय!” मामाने कात्री मिटली. “ती राहिलीय अजून.”

तिच्याजवळ बाबांचा एकच फोटो होता, समोरून काढलेला. कानामागे काय होतं ते त्यात कुठून दिसणार? ती मनातल्या मनात तो फोटो वळवत राहिली.

दारात आई उभी होती. तिच्या ओल्या हातात खिळ्यावरचा आरसा होता. तो तिने भावाच्या हातात दिला आणि त्याचा फुटका काढून घेतला.

“हा वापरत जा,” ती म्हणाली. मग मुलीच्या डाव्या कानामागे बोट फिरवलं. “हिची राहू दे, दादा. हिला यायचंय.”

फुटका आरसा घेऊन ती आत वळली.

“ते नाही यायचे आता.”